टेकडीला पाणी घालणारा चंद्रभान

शहरातल्या महाल वस्तीतल्या सात घरांचं पाणी चंद्रभान भरायचा. खांद्यावर कावड, दोन्ही टोकांना तांब्याच्या घागरी, पाय अनवाणी. जातीनं ढिवर, त्यामुळे त्याच्या हातचं पाणी सगळ्या घरांना चालायचं. रांजणात पाणी ओतताना नुसत्या आवाजावरून तो सांगायचा, "अजून दीड घागर बसते," आणि बरोबर दीडच बसायची. या एका बाबतीत त्याचा गोंधळ कधी झाला नाही. बाकी सगळ्याच बाबतीत झाला.

एकोणीसशे चौतीस साली त्याच्या गल्लीत नळ आला आणि एकेक करत सहा घरांनी त्याला सुपारी देऊन निरोप दिला. सातवं घर गिरिधर वकिलांचं. तिथं वकिलांच्या आईनं नळाचं पाणी घ्यायचं नाकारलं, कारण नळाच्या पोटात चामड्याची चकती असते असं कुणीतरी तिला सांगितलं होतं. म्हणून चंद्रभानची एक खेप टिकली. संक्रांतीनंतर म्हातारी गेली. तेराव्याला वकिलांनी त्याला ओसरीवर बसवलं.

"चंद्रभान, पाणी खोटं बोलतं का?"

"नाही जी. पण खरंही नाही बोलत. ते बोलतच नाही."

"माझं एक काम आहे. पाण्याला बोलतं करायचंय."

त्याला वाटलं, म्हातारीच्या दुःखानं वकिलांचं डोकं फिरलं. पण काम खरंच होतं.

सक्करदऱ्याचा तलाव मागे टाकून दक्षिणेला तीन कोस गेलं की बेलखेडी लागायची. गावाच्या डोक्यावर एक लांबट, उघडी टेकडी. तिच्या अलीकडच्या उतारावरचं पाणी बेलनदीत यायचं. नदी म्हणायचं गावाच्या अभिमानापोटी, एरवी गुडघाभर ओढाच तो. पण त्यावर एक तळं होतं, तळ्यात शिंगाडा होता आणि शिंगाड्यावर ढिवरांची वीस घरं होती. उतार नांगरला जाऊ लागला, झाडं तुटली, पावसाबरोबर माती खाली आली आणि दहा-बारा वर्षांत तळं गाळानं भरत भरत पार उथळ झालं. शिंगाड्याच्या वेलाला पाणी हवं, चिखल नको.

गावच्या मालगुजारीण यमुताईंना मूलबाळ नव्हतं. सगळी जमीन पुढे पुतण्याकडे, बाबारावांकडे जायची होती. पण त्यांच्या मनात आलं की नदीकडची टेकडी आधी नदीला देऊन टाकावी. वकिलांनी कागद तयार केला. ज्या जमिनीचं पाणी बेलनदीत उतरतं ती पंचांच्या हवाली. तिथं नांगर चालणार नाही, कुऱ्हाड चालणार नाही, गवत तेवढं वाढेल. ज्या जमिनीचं पाणी पलीकडे उतरतं ती बाबारावांची. पंच पाच, पण टेकडी चढायला तयार असायचे तिघंच: यमुताई स्वतः, गिरिधर वकील, आणि ढिवरांचा म्होरक्या रामाजी.

अडचण एवढीच होती की टेकडीच्या माथ्यावर पाणी नेमकं कुठून इकडे आणि कुठून तिकडे उतरतं, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. पटवाऱ्याच्या नकाशात शेतांचे धुरे, म्हणजे बांध होते; उतार नव्हता.

"तू पाणी ने," वकील म्हणाले. "पन्नास पावलांवर एकेक लोटा ओत. पाणी जिथं दोन्हीकडे फुटेल तिथं दगड ठेव, त्याला चुना लाव. आखाजीच्या आत रजिस्ट्री करायची आहे."

"अन् टेकडीवर पाणी कोठून आणू?"

"गावच्या विहिरीतून. कावड आहे ना तुझी?"

चंद्रभाननं मान हलवली. बेलखेडीत त्याची धाकटी बहीण गोपिका दिलेली होती, हे त्यानं वकिलांना सांगितलं नाही. तिचं वावर टेकडीच्या माथ्यावर आहे, तेही सांगितलं नाही. सांगायचं असतं का, हेच त्याला कळलं नाही.

चैतात काम सुरू झालं. भर उन्हात एक माणूस भरल्या घागरी घेऊन बोडकी टेकडी चढतो, माथ्यावर लोटाभर पाणी मुरमावर ओततो, उकिडवा बसून पाहत राहतो, मग दगडाला चुना फासतो. विहिरीवरच्या बायांनी दोन दिवस हे पाहिलं. तिसऱ्या दिवशी एकीनं विचारलंच.

"भाऊ, कोणाले पाणी पाजून राहिला गा?"

"टेकडीले."

"तहान लागली का तिले?"

"मले काय मालूम. वकिलानं सांगतलं."

"मंग वकिलाले सांगजो, आमच्या रांजणालेही लागली म्हणून."

पाणी सरळ वागेल असं त्याला वाटलं होतं. पाणी सरळ वागलं नाही. एका जागी सकाळी ते नदीकडे गेलं आणि दुपारी पलीकडे. तो कितीतरी वेळ डोकं धरून बसला. मग लक्षात आलं, सकाळी तो स्वतःच तिथं उभा राहिला होता आणि त्याच्या टाचेनं जमीन दबली होती. दुसरीकडे मुंग्यांच्या वारुळानं पाणी वळवलं. तिसरीकडे मेंढरांची वाट आडवी आली. आपण पाण्याचा माग काढतोय की पाण्याला वाट दाखवतोय, हा प्रश्न त्याला तिथं पहिल्यांदा पडला. तो कुणाला विचारावा हे न सुचल्यामुळे तो पुढच्या पन्नास पावलांवर गेला.

आठ दिवसांत एकशेचार दगड झाले. नवव्या दिवशी गोपिकेचं वावर आलं.

ती धुऱ्यावर भाकरी आणि तेल-तिखट घेऊन बसली होती. तिच्या नवऱ्यानं जन्मभर तळ्यात शिंगाडा लावला. तळं भरलं, दोन वर्षांपूर्वी तो गेला, आणि गोपिकेनं मालगुजारणीच्या हातापाया पडून माथ्यावरचं हे रान वहितीला घेतलं. वर्षाच्या बोलीवर. ज्वारी आणि तूर. ती आणि दोन मुली त्यावर जगत होत्या.

"ये भाऊ. माह्यं वावर न्याले आला का?"

"पाणी ओतू देशीन का नाही?"

"ओत ना. मी काय नाही म्हणते?"

चंद्रभाननं लोटा ओतला. उन्हानं काळ्या मातीला बोटभर रुंद भेगा पडल्या होत्या. पाणी गटकन आत गेलं. दुसरा लोटा ओतला, तोही गेला. त्यानं आख्खी घागर उलटी केली. भेगेनं ती पिऊन टाकली आणि वर ओला डागसुद्धा फार वेळ राहिला नाही.

"काय म्हणते मंग पाणी?" गोपिकेनं विचारलं.

"काहीच नाही म्हणत."

"तसंच लेहून घे कागदावर. गोपिकेच्या वावराचं पाणी कोठीच जात नाही. ना वकिलाकडं, ना बाबारावकडं."

त्याला हसू आलं आणि लगेच मावळलं. पाणी नदीकडचं निघालं तर हे रान कायमचं गवताखाली जाणार होतं. पलीकडचं निघालं तर बाबाराव तिला ते कसू देणार होते, तसा त्यांचा शब्द होता. बहीणभावांना दोघांनाही ते ठाऊक होतं.

"वावर गेलं त पोरी घेऊन मी कोठी जाऊ, भाऊ?"

"नळ आला त मी तरी कोठी गेलो?"

"तुले वकील भेटला. मले कोण भेटते?"

तो रिकामी कावड घेऊन टेकडी उतरला आणि उतरताना त्याला आठवलं की भाकरी तिनं दोघांची आणली होती.

तिथून तिसऱ्या दिवशी पंच आले. यमुताई बैलांच्या रेंगीतून, वकील सायकलवरून घामाघूम, रामाजी पायी. माथ्यावर पोचतात तर गोपिकेचं वावर नांगरून झालेलं. ढेकळं वर आलेली, आणि सगळी तासं, म्हणजे नांगराच्या सऱ्या, पलीकडच्या उताराच्या दिशेनं ओढलेली.

चंद्रभान बघतच राहिला. ती दरसाल असंच नांगरायची का? आठवायचा प्रयत्न केला. गेल्या साली तो तिच्याकडे आला होता, तेव्हा तूर कमरेएवढी उभी होती आणि खालची जमीन दिसत नव्हती.

"ओत," वकील म्हणाले.

त्यानं एका तासाच्या तळाशी घागर ओतली. पाणी क्षणभर थबकलं आणि तासातून सरळ पलीकडे धावलं.

"झालं," वकिलांनी पेन्सिल काढली. "हे वावर बाबारावांकडे. दगड अलीकडे ठेव."

"वकीलसाहेब, थांबा जरा," रामाजी म्हणाला. "हे पाणी नाही गेलं, नांगर गेला. उद्या मी नांगर उलटा मारतो, पाणी नदीत नेऊन दाखवतो."

"रामाजीबुवा, नांगरट काय यंदाच झाली का माह्या वावरात?" गोपिका म्हणाली.

"काळ्या ढगासारखी माती येते वरून, बाई. ढिवराची सून तू, अन् ढिवराच्याच तळ्यात माती लोटते."

"तळ्यानं मले सोडलं, बुवा. मी नाही सोडलं तळ्याले."

रामाजीनं खाली पाहिलं. तिच्या नवऱ्याच्या तिरडीला त्यानंच खांदा दिला होता. यमुताई रेंगीच्या चाकाला टेकून उभ्या होत्या. त्यांनी दोघांचंही ऐकून घेतलं आणि तिसऱ्याकडे वळल्या.

"चंद्रभान, तू आठ दिवस पाणी ओतलं. तू सांग."

"मले समजत नाही जी."

"जेवढं समजलं तेवढं सांग."

गोपिका त्याच्याकडे पाहत होती. रामाजीही पाहत होता. तोंड उघडेपर्यंत त्याला माहीत नव्हतं की आतून काय निघणार आहे.

"परवा इथं नांगर नव्हता. तवा पाणी कोठीच गेलं नाही, भेगेत गेलं. आज नांगर आहे, त तासातून तिकडं गेलं. दोन्ही खोटं आहे."

"म्हणजे हिनं मुद्दाम नांगरलं?" वकिलांनी विचारलं.

"ते मी नाही म्हटलं. ते मले माहीत नाही."

गोपिकेनं पदर डोक्यावर ओढला आणि पाठ फिरवली.

"मग खरं काय?" वकील आता चिडले होते. "पाणी ओतलं की समजेल, असं ठरलं होतं आपलं."

चंद्रभान खाली बसला आणि त्यानं एक ढेकूळ हातात चुरलं. मग हळूहळू, स्वतःलाच सांगितल्यासारखा बोलला.

"कोरं मडकं असते ना जी. त्यात पहिलं पाणी टाकलं त मडकंच पिते. दुसरं टाकलं, तेही पिते. पोट भरलं की मंग पाणी ठेवते. मी कोऱ्या मडक्यालेच विचारून राहिलो होतो, पाणी कोठी ठेवलं म्हणून. हे वावर आधी भिजवा लागते. पण त्याच्याआधी तासं मोडा लागते."

"एवढं आठ दिवसांत नाही सुचलं तुले?" यमुताई म्हणाल्या.

"नाही जी. महालातले रांजण सारे जुने होते."

यमुताईंच्या तोंडावर हसू येऊन गेलं. "भिजवा मंग. आजच भिजवा."

सगळं वावर भिजवणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. म्हणून मधोमध, या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत, एक पट्टा ठरला. त्यावर वखर फिरवून जमीन सारखी करायची होती. रामाजीनं आपली बैलजोडी आणू का विचारलं.

"माह्या वावरात दुसऱ्याचे बैल नाही येणार," गोपिका म्हणाली. "मीच फिरवते वखर."

तिनं फिरवला. रामाजी बाजूनं चालत प्रत्येक फेरीला वाकून पाहत होता. कुठं माती इकडची तिकडे जाते का यावर त्याची नजर होती.

"माह्या पायाखालची मातीही मोजता का, बुवा?"

"मोजली असती. पण तू पाय जागेवर ठेवतच नाही."

मग दुपारभर पाणी. चंद्रभान, रामाजी आणि चार ढिवर, सहा कावडी. विहिरीवरच्या बायांनी आता विचारणं सोडून दिलं होतं. उलट रहाट ओढायला दोघी स्वतःहून लागल्या, कारण हे वेड नेमकं कशाचं ते त्यांना बघायचं होतं. उन्हं कलेपर्यंत पट्ट्यातल्या भेगा मिटल्या आणि माती लोण्यासारखी चमकायला लागली.

सकाळी पंच परत आले. चंद्रभान पलीकडच्या धुऱ्याकडून चालत निघाला. बाराव्या पावलावर लोटा ओतला, पाणी मागे गेलं, पलीकडे. विसाव्यावरही मागेच. पंचविसाव्यावर ओतलं तेव्हा ते तळहाताएवढं साचून उभं राहिलं. सगळे वाकले. पाणी थरथरलं, एक बारीक जीभ बाहेर काढली आणि नदीकडे निघालं. एक पाऊल मागे येऊन त्यानं पुन्हा ओतलं. तिथं पाणी साचलं आणि साचूनच राहिलं. कुणीकडेच जाईना.

"इथं?" वकिलांनी विचारलं.

"इथंच असावं जी."

"असावं म्हणजे? कागदावर 'असावं' लिहिता येत नाही."

चंद्रभाननं दगड उचलला. एवढे एकशेचार दगड त्यानं ठेवले होते, पण हा हातात धरून तो उभाच राहिला. मग त्यानं तो चोवीस आणि पंचवीस यांच्यामध्ये ठेवला. कुणाच्या बाजूला थोडा सरकला का, हे त्यालाही दिसलं नाही.

"बहिणीले दोन तास जास्त देल्ले," रामाजी म्हणाला.

"चार तास कमी देल्ले," गोपिका म्हणाली.

वकिलांनी 'बहिणीले' ऐकून चंद्रभानकडे एकदा पाहिलं. "मग बरोबरच असेल," ते म्हणाले आणि लिहायला लागले.

वावराचा तिसरा हिस्सा पलीकडे राहिला, दोन हिस्से नदीकडे गेले. गोपिका दगडापाशी उभी राहून नदीकडच्या मातीकडे पाहत होती.

"मालकीण, तिसऱ्या हिश्शात चार महिने निघतात. बाकीच्या महिन्यांत पोरींनी काय दगड खावे?"

यमुताईंनी ते वावर या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत पाहिलं. टेकडी नदीला द्यायची हे त्यांनी घरात बसून ठरवलं होतं, आणि घरातून हे वावर दिसत नव्हतं.

"वकीलसाहेब, कागदात गवताचं काय लेहिलं आहे?"

"गवत वाढू द्यावं. कापण्याचं काही लिहिलेलं नाही."

"मंग लेहा. टेकडीवरच्या गवताले पहिला विळा गोपिकेचा. तिचं झाल्यावर गावाचा. अन् तिच्या राहिलेल्या वावराले आडवा धुरा घालाचा, माती खाली येऊ नये म्हणून."

"पण यमुताई, उद्या प्रत्येक जण असं..."

"उद्याचं उद्या. लेहा."

"अन् धुरा फुटला, कुणी कुऱ्हाड लावली, त पाहीन कोण?" रामाजीनं विचारलं.

सगळ्यांच्या नजरा चंद्रभानकडे गेल्या. त्याच्या हाताला चुना लागला होता. त्यानं तो धोतराला पुसला.

अशी त्याला दुसरी नोकरी लागली. माथ्यावर पळसाच्या पानांची झोपडी बांधून तो पंचांच्या टेकडीचा रखवालदार झाला आणि मरेपर्यंत, म्हणजे पुढची बारा वर्षं, तिथंच राहिला. महालात फारसा परत गेला नाही. कुऱ्हाड घेऊन येणाऱ्याला तो ओरडायचा नाही. पाणी प्यायला द्यायचा आणि विचारायचा, "कोणत्या झाडासाठी आला गा?" माणूस पाणी पिऊन, थोडा बसून, बहुतेक वेळा रिकाम्या हातानं उतरायचा.

टेकडी राखल्यानं तळं सुधारलं का? रामाजी म्हणायचा, गाळ कमी झाला. गावातले काही म्हणायचे, पाऊसच कमी झाला. शिंगाडा दोन साल चांगला आला, तिसऱ्या साली आला नाही, चौथ्या साली पुन्हा आला. चंद्रभानला कुणी विचारलं तर तो म्हणायचा, "मले टेकडीचं विचारा. तळ्याचं तळ्याले विचारा."

गोपिका पहिलं सालभर त्याच्याशी बोलली नाही. पण भाकरी रोज यायची. तिची थोरली पोर घेऊन यायची, झोपडीबाहेर दगडावर ठेवायची आणि "आईनं देल्ली" एवढं सांगून पळायची. दुसऱ्या साली पोरीचं लग्न ठरलं. धाकटी अजून लहान, आता भाकरी आणणार कोण, म्हणून गोपिका स्वतः यायला लागली. आली की बोलावंच लागतं.

कितीतरी वर्षांनी, कार्तिकात, दोघं दगडाच्या नदीकडच्या बाजूला गवत कापत होती. पहिला विळा तिचा, पण हाताशी कुणी नव्हतं म्हणून तोही कापू लागला होता. कापता कापता तो थांबला.

"गोपे, एक विचारू का वं?"

"विचार."

"पंच येणार होते तवा तू नांगरलं. ते मुद्दाम तिकडं वळवून नांगरलं होतं का?"

तिनं विळा थांबवला नाही. दोन मुठी गवत कापून खाली ठेवलं.

"तू सांग. तू दगड ठेवला, तो मुद्दाम माह्याकडं सरकवला होता का नदीकडं?"

चंद्रभाननं खूप विचार केला. दगडाचं वजन हातांना आठवलं, पंचविसावं पाऊल आठवलं, साचून उभं राहिलेलं पाणी आठवलं. हात कोणत्या बाजूला गेला ते काही केल्या आठवलं नाही.

"खरंच सांगतो, मले माहीत नाही."

"मंग मलेही माहीत नाही," गोपिका म्हणाली. "त्या पेंढीले बंद दे. वारा सुटून राहिला."